वखरावरचं वजन

माझी बायको भानुमती गेली त्या दिवशी इंदूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "क्षय वर्षभर अंगात होता. घरात कुणाच्या काहीच लक्षात कसं आलं नाही?" मी म्हणालो, "नऊवारीत काय दिसणार, साहेब?"

सांवेरच्या आमच्या शेतात नांगरट झाली की ढेकळं फोडायला वखर फिरवतो. पातं मातीत शिरावं म्हणून वखरावर वजन लागतं. लोक धोंडा ठेवतात, आमच्याकडे भानुमतीच बसायची. गेल्या वर्षी मात्र पातं नुसतं वरवर खरवडत जायचं. मी बैलांमागून ओरडायचो, "अगं, नीट दाबून बस ना!" ती हसायची. म्हणायची, "बसलेच आहे की. आता काय रुजू इथं?" मी तीनदा पात्याला धार लावून आणली. तिसऱ्यांदा लोहार वैतागला, "धार में कोई कसर नी है, दादा." मी त्यालाच शिव्या घातल्या.

यंदा पेरणीआधी तिचा धाकटा भाऊ नाना मदतीला आला. लग्नात भानुमती होती तसाच सडपातळ. तो वखरावर बसला आणि तेच पातं, धार न लावता, चार बोटं मातीत शिरलं.


पातं बोथट नव्हतंच, वर्षभर ती हलकी होत चालली होती. मी तिथंच बैल सोडले. शेत अजून वखरायचं राहिलं आहे.