आईला सांग

कोणाचीही आई शाळेत आली की गुरुजी सुगरतीला भर तासातून उठवायचे. पाचवीत कोरकू आणि मराठी दोन्ही नीट येणारी तीच एकटी. लसीकरणापासून दाखल्यांपर्यंत सगळं वर्षभर तिनेच आयाबायांना समजावलं होतं.

आज तिची स्वतःची आई आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून.

“आईला सांग,” गुरुजी म्हणाले, “पोरगी गणितात नापास झाली. वर्गात बसतेच कुठे? पुन्हा पाचवीतच ठेवावी लागेल.”

सुगरतीने एक शब्दही न गाळता सांगितलं. आईने मान खाली घालून उत्तर दिलं.

“काय म्हणतेय?”

“म्हणते, मग शाळा पुरे. आता मी शेळ्यांमागे जायचं.”

गुरुजींनी सुस्कारा टाकला. दारात दुसरी आई ताटकळत उभी होती.

“बरं. जाण्याआधी एवढं ह्या बाईंना समजावून जा.”