सात नंबरचा खटका

सात नंबरचा रोबो टेबलावर ठेवला आणि तपासनिसाच्या पोटात दुखायला लागलं. पोटदुखी जुनीच होती. तिचं कारण म्हणजे धाकटा भाऊ.

शाळेत पहिला धाकटा, नोकरीत वर धाकटा, घरात कौतुक तेही धाकट्याचंच. आता दोघांच्या लेकी वेगवेगळ्या शाळांकडून याच रोबो-स्पर्धेत उतरल्या होत्या. मुलं बाहेर, आत नुसते रोबो आणि त्यांचे नंबर. म्हणून तर एका स्पर्धकाच्या बापाला सुरक्षा-तपासणीला बसू दिलं होतं. कोणता कोणाचा, हे कळायची सोयच नव्हती.

पण ह्याला कळलं. सात नंबरचा रोबो चेंडू इतका अलगद उचलत होता की डोकं धाकट्याच्याच घरचं असणार. आपली पोर बिचारी साधी. रोबोबद्दल सांगायला तिनं घरी तोंड उघडलं, की हा विचारायचा, "काकाच्या मुलीचं कुठवर आलं?"

"स्प्रिंग बंद करायचा खटका झाकणाखाली आहे," तो म्हणाला. "बाद."

"अहो, झाकण बोटानं उघडतं," जोडीची तपासनीस म्हणाली. "स्प्रिंग चटकन बंद करता यावी, एवढाच नियम आहे. येतेय की."

"आधी झाकण, मग खटका. याला चटकन म्हणत नाहीत. उद्या कोणा पोराचं बोट गेलं तर तुम्ही भरून देणार?"

बाईंनी यादीत सातपुढे फुली मारली. आणि बाद म्हणजे बाद. दुरुस्तीला दुसरी संधी नव्हती.

मग बारा नंबर आला. वेडावाकडा, करकरणारा. त्याला बघताच बापाचं काळीज पाघळलं.

"याची कड धारदार दिसतेय," बाई म्हणाल्या.

"छे. धार म्हणजे कापायला हवं." त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि हात घाईनं खिशात घातला. "कापत नाही. पास."

खिशातला रुमाल ओला झाला, पण जिवाला गार वाटलं. धाकट्याचा पडलेला चेहरा डोळ्यांपुढे आणत त्यानं चहा मागवला. आज तो फार गोड लागला.

तपासणी संपली, दार उघडलं. पुतणी धावतच आत आली.

"काका, आमचा बारा नंबर पास झाला, खरंच वाटत नाही. बाबा तर म्हणाले होते, हे खटारं दारातूनच परत येणार." मग तिनं आवाज खाली आणला. "पण ताई बाहेर रडतेय. तिचा सात नंबर कोणी बाद केला, काका?"