दोन मिनिटांचं काम

पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. कुमुदताई खुर्चीला टेकून बसल्या होत्या, कानांत इयरफोन, हात मांडीवर. मधूनच "हं, हं" म्हणत होत्या. नीता खांद्यावरची पर्स न उतरवता खोलीच्या दारात थांबली. सासूबाईंची तिच्याकडे पाठ होती.

म्हणजे आज पुन्हा रेवा.

नीता नवीन पनवेलच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. चाळीस मशिनचे व्हायरस, विसरलेले पासवर्ड, मुलांनी उतरवून ठेवलेली नको ती सॉफ्टवेअर, सगळं तीच निस्तरायची. कामोठ्यातल्या स्वतःच्या घरात मात्र तिला कुणी विचारत नव्हतं. कुमुदताईंचा कॉम्प्युटर दर आठ-पंधरा दिवसांनी बिघडायचा आणि त्या फोन लावायच्या तो पुण्याला, लेकीला. रेवा तिथे बसून या कॉम्प्युटरचा ताबा घ्यायची. मग मायलेकींचं तासभर चालायचं. नीताने एकदा आपणहून विचारलं होतं, मी बघू का. कुमुदताई घाईघाईने म्हणाल्या होत्या, नको, रेवा बघेल.

ते नीताला फार लागलं होतं. औषधं कोण आणतं, डॉक्टरकडे कोण नेतं, रात्रीचं पथ्याचं कोण करतं? आणि विश्वास कुणावर, तर दिवाळीत दोन दिवस येणाऱ्या मुलीवर.

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलं. एकाच कपाचं.

चहा उकळत असताना तिचा फोन वाजला. रेवा होती.

"वहिनी, आईचे चार मिस्ड कॉल आहेत. मी मीटिंगमध्ये होते. आता लावतेय तर तिचा फोन बिझी लागतोय. सगळं ठीक आहे ना?"

नीताने खोलीकडे वळून बघितलं.

"म्हणजे आईंच्या कॉम्प्युटरवर आत्ता तू नाहीयेस?"

"मी? नाही."

नीता धावली. बाण आता बँकेच्या पानावर होता आणि कुमुदताई मोबाइल डोळ्यांजवळ धरून मेसेजमधले आकडे वाचायला लागल्या होत्या. नीताने त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला, कॉल तोडला आणि राउटरची वायर भिंतीतून उपटली. बाण जागच्या जागी थांबला.

पुढचा तासभर ती निस्तरत होती. आधी स्वतःच्या फोनवरून बँकेत कळवून खातं गोठवलं. पैसे गेले नव्हते. दोन आकडे वाचायचे राहिले होते. मग फोनवरच्या माणसाने टाकायला लावलेलं सॉफ्टवेअर काढलं, सगळे पासवर्ड बदलले, कॉम्प्युटर तपासायला लावला. कुमुदताई तुटक तुटक सांगत होत्या. पडदा एकदम लाल झाला, भोंगा वाजायला लागला, खाली एक नंबर आला. रेवा फोन उचलेना. घाबरून त्यांनी तो नंबर लावला. समोरचा माणूस म्हणाला, घरात कुणाशी बोलू नका.

"हे असं पान आलं कसं?" नीताने विचारलं.

कुमुदताईंनी मान खाली घातली. "मीच आणलं. कुठल्याशा साइटवर दिसेल तिथे 'अलाऊ' दाबत गेले."

"कशासाठी?"

"काहीतरी बिघडायला हवं होतं." त्या म्हणाल्या. "आधीचं सगळं मीच केलेलं. वायफायचा पासवर्ड मीच बदलायचे. अँटीव्हायरस मीच बंद करायचे."

नीताच्या मनात इतके दिवस साठलेलं बाहेर आलं, पण आवाज चढला नाही. "मी घरात असते, आई. दिवसभर हेच काम करते. मला कधीच का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर दोन मिनिटांत नीट झालं असतं," कुमुदताई म्हणाल्या. "मग रेवाशी मी काय बोलले असते?"

रेवाच्या लग्नाला कुमुदताई गेल्या नव्हत्या. नीता आणि तिचा नवरा कुमार गेले होते, त्या दार लावून घरात बसल्या होत्या. त्याला सहा वर्षं झाली. नीताला वाटत होतं, ते केव्हाच मिटलं. इयरफोनच्या आड काय चालायचं ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. कुमुदताईंनी आता सांगितलं. रेवा म्हणायची, इथे क्लिक कर, तिथे क्लिक कर, थांब, रीस्टार्ट होऊ दे. रीस्टार्ट होईपर्यंत त्या विचारायच्या, जेवलीस का. ती हो म्हणायची. कधीकधी, कॉम्प्युटर फारच हळू चालला तर, काय जेवली तेही सांगायची.

नीता खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

"मी आले तेव्हा दारातून बघितलं होतं," ती म्हणाली. "रेवाच आहे असं वाटलं. म्हणून आत आले नाही."

कुमुदताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, आता पुन्हा नाही बिघडवणार.

त्यांनी शब्द पाळला. आठवडा गेला, पंधरवडा गेला. कॉम्प्युटर सुरळीत चालत होता. त्या संध्याकाळीच नीताने रेवाला 'सगळं ठीक आहे' असं कळवलं होतं; त्यानंतर पुण्याचा फोन काही आला नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी कुमुदताई चालू पडद्यासमोर नुसत्याच बसलेल्या नीताला दिसल्या.

ती गॅलरीत गेली, काचेचं दार मागे ओढून घेतलं आणि रेवाला फोन लावला.

"आईंचा कॉम्प्युटर पुन्हा बिघडलाय गं," ती म्हणाली. "मी सगळं करून बघितलं. तुझ्याशिवाय नाही जमणार."