जांभळा थेंब

“मला सुई नको. तुझ्या ओठांवरून लागू दे,” असं लाडात म्हणत अवधूतने घरातली एकमेव लस तारकाला घ्यायला लावली होती. नंतर मात्र रोज थकल्याचं सांगून तो कूस बदलायचा.

आज तपासणी केंद्रात तारकाच्या रक्ताचा थेंब पट्टीवर हिरवा झाला. प्रत्येक घराच्या लशीचा रंग वेगळा असे आणि चुंबनातून ती दुसऱ्याला लागली, तरी तोच रंग उतरे. अवधूतचा थेंब जांभळा झाला.

“तुम्हालाही प्रतिकारशक्ती आलीय!” नर्स म्हणाली.

“मग झालं तर,” अवधूत घाईने उठला.

तारकाने मागे पाहिलं. सकाळपासून तिच्यासाठी रांगेत जागा धरून ठेवणारी शेजारीण मंजिरी बोटं मुठीत लपवून उभी होती.

“ये गं पुढे,” तारका म्हणाली, “तुझा रंग कळलाय मला.”