पळणारी

"अजून एक डाव!" सयाजी सरांनी शिट्टी मारली आणि समृद्धी पुन्हा पळायला उतरली. सलग पाचव्यांदा.

कळंबच्या मैदानावर खो-खोचा सराव रोज दोन तास चालायचा. बाकीच्या पोरी आलटून पालटून पाठलागाला बसायच्या, मधे पाणी प्यायच्या, वेण्या घालायच्या. समृद्धी मात्र दोन्ही तास पळायची.

"हिला धरा," सर पोरींना सांगायचे, "मग समोर कुणीबी येऊ द्या."

"सरांची लाडकी बाई तू," अफिफा म्हणायची.

समृद्धी हसण्यावारी न्यायची. गुडघे सोललेले, पोटऱ्यांत गोळे. पण दमले म्हणायची तिची छाती नव्हती. तालुक्याचा संघ अठराच्या आतल्या मुलींचा होता, आणि वय मोजायच्या ठरल्या तारखेला तिला अठरा पूर्ण होऊन अकरा दिवस झालेले असणार होते. हे तिने अफिफालाही सांगितलं नव्हतं.

घरी वडिलांनी, हौशीरामांनी, बजावलं होतं, "संघात नाव आलं तर पुण्याला कॉलेजात घालतो. न्हाई आलं तर पावणं बोलावणार." माणूस शब्दाचा पक्का. महाळुंगे पडवळचं एक स्थळ त्यांनी हेरूनही ठेवलं होतं.

सगळ्यांचे जन्मदाखले जमा झाले. समृद्धीचा राहिला.

"सर, ग्रामसेवक भेटतच न्हाईत."

"ऱ्हाऊ दे. सावकाश आण. तू पळ."

तिचा जीव भांड्यात पडला. एवढ्या भोळ्या माणसाला फसवतोय याची लाजही वाटली. म्हणून ती आणखी जीव तोडून पळाली. एवढं पळणाऱ्या पोरीला कागद कोण मागतंय, अशी वेडी आशा तिने धरली होती.

दोन महिन्यांनी सरांनी संघ वाचून दाखवला. पंधरा नावं. अफिफाचं होतं, समृद्धीचं नव्हतं.

ती धडपडत सरांपाशी गेली.

"सर, दाखल्यामुळं ऱ्हायलं का? उद्या आणते. आईशप्पत आणते. माझं लगीन लावतील वो, सर."

सरांनी यादीची घडी करून खिशात घातली.

"तुझी जन्मतारीख मी पयल्याच आठवड्यात शाळंतनं काढली व्हती," ते म्हणाले. "उद्या येळेवर ये. स्पर्धेला अजून चार दिवस हायेत, पोरींना पळणारं कुणीतरी लागंलच की."