मुलीला संवाद नाही

कोरियातल्या तेगू शहराच्या वृद्ध केंद्रातल्या त्या वर्गात आज प्यो दोक-मान एकटेच आले होते. शिकवणाऱ्या ब्योन बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि अंगातला कोट काढलाच नाही.

समोरच्या खोलीत गाण्याचा वर्ग दणक्यात चालला होता. जुन्या इंग्रजी नाटकांतले अवघड शब्द शिकायला आलेली सगळी मंडळी हळूहळू तिकडे पांगली होती. त्यांना तरी नावं कशी ठेवायची? तिकडे टाळ्या होत्या, शिवाय भाजलेली रताळी.

"काका, तिघं तरी नसले तर वर्ग बंद, असा केंद्राचा नियम आहे," बाई ओशाळून म्हणाल्या. "आता पुढे नाही जमायचं."

"मग आजचा तरी घ्या."

प्योंनी पिशवीतून कागद काढले. शाळेत सगळे करायचे तसंच केलं होतं त्यांनी. एकच शब्द लिहीत सुटायचं, कागदावर पांढरं म्हणून काही उरत नाही तोपर्यंत. एक कागद 'हद्दपार'चा, एक 'आर्जव'चा, आणि सगळ्यांत काळा 'क्षमे'चा. जन्मभर बस चालवलेल्या हातांना आठवडाभर दुसरं काम नव्हतं. एवढं पाठ केलेलं कुणासमोर तरी एकदा मोठ्यानं म्हणावं, इतकीच त्यांची इच्छा होती.

प्योंच्या शेजारी राहणाऱ्या ओक-रान बाईंनी दारातून डोकं आत घातलं. "अहो प्यो, या की इकडे! ही मेलेल्या राजांची भाषा बोलणार कुणाशी? व्हँकुव्हरच्या लेकीशी?"

"ती फोन उचलत नाही."

ओक-रान बाई गाण्याच्या वर्गाकडे वळल्या. ब्योन बाईंनी कोट काढून खुंटीला लावला.

"कुठला प्रवेश घ्यायचा, काका?"

"किनाऱ्यावरचा."

बापानं रागाच्या भरात घालवून दिलेली मुलगी खूप वर्षांनी भेटते आणि बाप तिची माफी मागतो, तो प्रवेश.

"बरं. मुलीचं काम मी करते."

"नको, बाई. तिला त्यात बोलायचंच नाही. खुर्ची चालेल."

त्यांनी एक खुर्ची ओढून समोर ठेवली. जरा वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग पुढे होऊन तिची पाठ आपल्याकडे फिरवली.

"अहो, मुलगी पाठ फिरवते असं नाटकात कुठे आहे?"

"नाटकात नाही," प्यो म्हणाले, आणि कागद मिटून त्यांनी सुरुवात केली.