उरलीसुरली

"माझी गं बाळी कुणाची, कुणाची? अर्धी आईची, अर्धी बाबांची, उरलीसुरली शेजारणीची!"

आत्याचा तो आवाज वकीलबाईंच्या कानात अजून ताजा होता. लहानपणी आत्या त्यांना मांडीवर घोळवत असं म्हणायची. शेजारणीचं नाव निघालं की सगळं घर हसायचं, आणि 'मी दोघांची' म्हणत त्या आईबाबांच्या मधल्या उबेत शिरायच्या. मुलाच्या ताब्याचं प्रकरण असलं की कोर्टाच्या पायऱ्या चढताना तो आवाज हटकून यायचा.

आज एका चौथीतल्या मुलीला न्यायाधीश विचारणार होते, कुणाकडे राहायचंय. घटस्फोटाचं बाकी सगळं मिटलं होतं. भांडीकुंडी वाटून झाली होती, कपाट कुणाचं तेही ठरलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच. पोरीवरचा हक्क दोघंही सोडत नव्हते.

मुलीची आई पहिल्यांदा ऑफिसात आली, तेव्हा म्हणाली होती, "मला इथलाच वकील हवा होता मॅडम. आमच्या गल्लीतल्या चार लोकांना ओळखणारा. मी पोरीसाठी लढले, हे त्यांना दिसायला हवं. उद्या कुणी म्हणायला नको, हिनं लेकरू टाकलं."

वकीलबाईंनी तेव्हाच वकीलपत्र पुढे केलं होतं.

बाईंचा एक नियम होता. मुलांना पढवायचं नाही. प्रत्येक अशिलाला त्या बजावून सांगत, "पोराच्या कानात काही घालाल तर मी खटला सोडीन." आईनं मान हलवली होती. पण तयारी मात्र तिच्याकडून होत नव्हती.

"खोलीचं काय झालं? मोठी बघायला सांगितली होती ना?"

"बघतेय, मॅडम."

"कधीपासून बघताय. एका माणसाची खोली, एक पलंग. हे दाखवून पोर कशी मागायची आपण?"

आई पर्सच्या बंदाला पीळ घालत राहिली. मग हळूच म्हणाली, "तिनं स्वतःच बाबांचं नाव घेतलं तर? मग माझ्यावर ठपका नाही ना येत?"

"असं मनातसुद्धा आणू नका. लेकरू आईला सोडून कुठं जातंय?"

त्यावर आईला जे रडू फुटलं, ते थांबेना. वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. हिच्या जिवाला किती घोर लागलाय, असं त्यांच्या मनात आलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकाच्या एका टोकाला आई बसली होती, दुसऱ्या टोकाला वडील. मधे मुलगी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅग. एक आईनं भरून आणलेली, "निकाल उलटा लागला तर पोरीचे हाल नकोत" म्हणून. दुसरी वडिलांनी. त्यांच्याकडे राहिलेले तिचे स्वेटर, बाहुल्या, रंगपेट्या, सगळंच त्यात होतं.

"तिच्या वस्तू तिच्याजवळ असलेल्या बऱ्या," वडील म्हणाले.

त्यांचे वकील जाडजूड आणि हसतमुख होते. ते वकीलबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "काय बाई, माघार घेताय का?"

"तुमचे साहेब घेतायत का?"

"छे हो. बदली झालीय त्यांची, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. मी म्हटलं, एकटा माणूस, कशाला एवढी ओढाताण? तर म्हणतात, लढायचंच. त्यांच्या आईनं बजावलंय, रक्ताची पोर सोडून आलास तर तोंड दाखवू नकोस."

"म्हणजे तुमचा खरा अशील घरी बसलाय."

"माझा नेहमीच घरी बसलेला असतो," ते हसले. बाईही हसल्या.

पुकारा व्हायला थोडा अवकाश होता. आईनं पर्समधून कंगवा काढला आणि मुलीची वेणी पुन्हा घातली. रिबन बांधता बांधता ती खाली वाकली आणि कानाशी काहीतरी बोलली. बराच वेळ. वकीलबाईंना आपला नियम आठवला. पण त्यांच्याने पुढे होववेना. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

पुन्हा पाहिलं तेव्हा वडील मुलीच्या पुढ्यात उकिडवे बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांचेही ओठ हलत होते, डोळे भरले होते. बाईंनी या वेळीही तोंड वळवलं. दोन झाडांच्या मधली वेल ही, त्यांना वाटलं, दोन्हीकडून ओढ. तुटेल बिचारी.

पुकारा झाला. मुलीनं वकीलबाईंचं बोट धरलं ते सोडेनाच.

"तिथं खरं सांगितलं तर चालतं?" तिनं विचारलं. सकाळपासूनचं तिचं ते पहिलं वाक्य.

"तिथं फक्त खरंच चालतं, राणी."

"असू द्या," आत दालनात न्यायाधीश मुलीची मूठ पाहून म्हणाले. दुसऱ्या वकिलांचीही हरकत नव्हती. "बाई, मागे बसा. पण बोलायचं नाही." मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "बाळा, तुला कुणाकडे राहायला आवडेल?"

टेबलावरच्या काचेखाली एक मुंगी अडकून मेली होती. मुलगी तिच्यावर बोट ठेवून बसली.

"घाबरायचं नाही. तू काय बोललीस, ते मी कुणाला सांगणार नाही."

"आईला?"

"नाही."

"बाबांना?"

"बाबांनाही नाही."

तिनं मागे वळून पाहिलं. वकीलबाईंनी डोळ्यांनीच धीर दिला.

"आई म्हणाली, बाबांचं नाव घे," मुलगी म्हणाली. "आणि बाबा म्हणाले, आईचं घे."